दाजी, कुरव आणि खबऱ्या

पाखरांच्या नावांवरून माणसांशी भांडणारा गृहस्थ अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता आणि आमच्या ताईचं लग्न नेमकं त्याच्याशी झालं. दाजी राहायला दिंद्रुडला, पण जीव सगळा माजलगावच्या धरणावर. तिथल्या एका मच्छीमार सोसायटीचे ते सचिव. सहकाराच्या प्रशिक्षणाला म्हणून ते एकदा पंधरा दिवस कोकणात गेले. बाकीचे लोक आंबापोळी घेऊन परतले. दाजींनी आणली समुद्रपाखरांच्या नावांनी भरलेली वही. ताई म्हणाली, "काजू आनायचं सोडून कावळे लिवून आनले!" दाजींनी शांतपणे दुरुस्ती केली, "पानकावळे."

तेव्हापासून कुणाची सुटका नव्हती. समुद्री गरुडाला काकण का म्हणतात, तर तो 'का-कण, का-कण' ओरडतो म्हणून. सीगलला कुरव का, तर सारखी कुरकुर करतो म्हणून. खरंखोटं दाजींनाच ठाऊक! एका लग्नात धरणावरच्या कुरवांना कुणीतरी बगळे म्हणालं, तर दाजी जिलबी हातात धरून पंगतीतून उठले आणि फरक समजावत बसले. आमच्याकडचे लोक ऊसतोडीला निघाले की कुरव धरणावर उतरत आणि लोक परतायच्या सुमाराला निघून जात. म्हणून दाजींनी त्यांना स्वतःचंही एक नाव दिलं होतं, 'उलटे तोडकरी'.

मग दुष्काळ पडला. पाणी आटलं, धरणातलं बेट उघडं पडून काठाला जोडलं गेलं. त्यावर कुरवासारख्याच, पण लहान अशा सुरय पाखरांची अंडी होती. जाळी रिकामी येत होती, सभासद चिडले होते. पाखरंच मासळी खातात, तेव्हा अंडी फोडून त्यांना हुसकायचं, असा ठराव चेअरमननी सभेत मांडला. लिहायचं काम दाजींचं. त्यांनी पेनाला टोपण घातलं.

"मी लिवनार न्हाई."

"कावून?" चेअरमन म्हणाले.

"कोकनातला एक म्हातारा नाखवा सुरयला काय म्हनायचा ठाव हाय? खबऱ्या! ह्ये जितं सूर मारतंय, तितं मासळी हाय. खबऱ्यालाच मारलं तर खबर कोन देनार?"

सभा हसली. चेअरमन हसले नाहीत. "उद्या घावली न्हाई मासळी, तर राजीनामा द्यायचा."

"देतो."

मी तेव्हा ताईकडे गेलो होतो. सकाळी दाजींनी मलाही होडीत बसवलं. चेअरमन समोरच बसलेले. तासभर पाखरं नुसती पिसं साफ करत बसली. "आरं, उडा की बाबांनो," दाजी पुटपुटत होते; त्यांचा सदरा घामानं भिजला होता. अखेर एकानं लांबवर सूर मारला, मग दुसऱ्यानं. आम्ही तिकडे होडी नेली. पहिलं जाळं रिकामं आलं. दाजींनी माझा दंड घट्ट धरला. दुसरं जाळं मात्र ओढताना चेअरमनना आमची मदत मागावी लागली.

"लिवा सचिवसायेब," ते धापा टाकत म्हणाले, "बेटाला काठाकडून बोरीच्या काट्यांचं कुंपन घाला. कुत्री जातेत तितं."

त्या दिवशी गावात घरोघरी मासळी शिजली. दाजींनी मात्र नेहमीप्रमाणे वांग्याच्या भाजीशी भाकरी खाल्ली. मासा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता.

आता दाजींचे डोळे फार अधू झालेत. हिवाळ्यात मी त्यांना धरणावर नेतो. काठावर बसून ते नुसत्या आवाजावरून नावं सांगत राहतात. हल्ली कधीकधी चुकतात. मी 'हो' म्हणतो.