कौतिकनानांचा पाट

पांझरेकाठच्या त्या गावात कौतिकनाना पाटकरी होते. बंधाऱ्यावरून निघालेला पाट फुटू नये, तुंबू नये, उसाच्या फडाला पाळीनं पाणी मिळावं, हे त्यांचं काम. फावडं खांद्यावर टाकून त्यांनी उभी हयात पाटाच्या कडेनं काढली. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की गाव पाटाचंच पाणी प्यायचं. त्याच पाटात वरच्या अंगाला म्हशी डुंबायच्या, गोधड्या धुतल्या जायच्या. उकिरडेही अगदी काठावर आले होते. वाहतं पाणी आहे, घाण पुढे निघून जाते, असं नानाही म्हणत.

एका वैशाखात ते साक्रीच्या बाजाराला गेले. तिथे ओळखीचा हनीफ रंगारी डोक्याला हात लावून बसलेला दिसला. त्याच्या गावात पटकीची साथ शिरली होती आणि पाठचा भाऊ गेला होता. पहिल्या रोग्याची फडकी नाल्यात धुतली आणि नाल्याच्या खालच्या गल्लीत घरोघर माणसं पडली, असं त्यानं सांगितलं.

"नाना, आम्ही वर धूत होतो आणि खाली पीत होतो," तो म्हणाला.

नाना परतले ते पाटाच्या काठाकाठानं, एकेक उकिरडा बघत. घरी न जाता ते थेट चुडामण आबांच्या ओट्यावर गेले. आबा फडातल्या शेतकऱ्यांचे पुढारी. त्यांनी माणसं जमवली आणि बोलून बोलून ठरलं की घागरी भरायच्या त्या पाट गावात शिरतो तिथेच. कपडे आणि गुरं गावाच्या खाली. तिथे नानांनी स्वतः मोठा खड्डा खणला आणि त्याचं पाणी परत पाटात न जाता पडीक रानात मुरेल अशी सोय केली. उकिरडे मागे हटले. भांड्यांचं खरकटं पाणी परसातल्या केळीला जाऊ लागलं. बोचकी लांब न्यावी लागतात म्हणून बायका कुरकुरल्या. काहींनी नानांशी बोलणं सोडलं. नाना मात्र सकाळ-संध्याकाळ काठावर उभे राहायचे.

अशातच त्यांची लेक कमळ सासरहून गाडीनं आली आणि दुसऱ्या पहाटेपासून तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. डोळे आत गेले, हातपाय गार पडले. कमळच्या आईनं, सुगंधाबाईंनी, घाण झालेली लुगडी गोळा केली. खालचा खड्डा लांब, लेकीजवळून हलवेना, म्हणून त्या घरामागच्या पाटाकडे वळल्या. नाना आडवे आले.

"मनी पोर मराले टेकनी, अन् तुम्हले पाटनी पडनी शे," त्या म्हणाल्या.

नानांनी खालच्या साऱ्या घरांकडे हात केला. मग म्हणाले, "बठ्ठं गाव हाईच पानी पेस."

बोचकं त्यांनी स्वतः उचललं, दूर पडीकात नेऊन जाळलं आणि राख पुरली. परत येऊन राखेनं हात चोळचोळून धुतले आणि लेकीजवळ बसले. उकळून निववलेलं पाणी, मिठाची पातळ पेज, घोट घोट देत राहिले. सुगंधाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या, पण पेज आटू देत नव्हत्या.

त्या दिवसांत नाना पहाटे उठून अंगणात नुसते कान देऊन उभे राहायचे. कुठल्या घरातून रडणं उठतं का? जात्याची घरघर यायची, गुरांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची. दुसरं काही नाही.

कमळच्या हातापायांत हळूहळू ऊब आली. एका सकाळी तिनं भाकरी मागितली आणि सुगंधाबाई चुलीपुढे बसून रडल्या. गावात दुसऱ्या कुणाला साधी उलटीही झाली नाही. पुढे खालच्या खड्ड्यावर कुणी कुरकुरली की सुगंधाबाईच तिला समजावत.

कमळनं भाकरी मागितली त्या दुपारी नाना पाटावर गेले आणि निंबाखाली जरा टेकले, ते गाढ झोपले. पाळी उलटून गेली, एका वावरात पाणी भरून बांधावरून वाहू लागलं. चुडामण आबा रागानंच आले होते. झोपलेल्या नानांकडे त्यांनी बघितलं, उशाचं फावडं हळूच उचललं आणि स्वतः जाऊन पाणी पुढच्या वावरात वळवलं.