मोहेंजोदडोच्या बायका आणि आमच्या कांड्या

मी मराठी पाचवीत होते त्या साली नायनांनी सांगून टाकलं, येती अमावास्या झाली की शाळा बंद. नायना म्हणजे माझे वडील. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि सोलापुरात माग चालवणाऱ्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा. मागाच्या धोट्यात घालायची सुताची कांडी आमच्याकडे आत्या रहाटावर भरायची. ती लेकाकडे राहायला गेली आणि रहाटावरची जागा रिकामी पडली. कांडी नाही तर माग नाही, आणि माग नाही तर चूल नाही. नायनांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर माझ्या जिवावर आलं होतं. मला शिकायचं होतं. का, ते धड सांगता येत नव्हतं, पण रहाटापाशी बसायचं नव्हतं एवढं पक्कं.

आमच्या बाईंना हे कळलं. बाई पुण्याकडच्या, बोलणं मऊ पण डोकं भलतं चालायचं. त्यांनी शाळेचा पालकांसाठीचा कार्यक्रम मुद्दाम अमावास्येला ठेवला, कारण त्या दिवशी माग बंद असतात आणि आमची माणसं मोकळी असतात. विषय ठरला, जगातले सर्वांत जुने लोक कसे राहायचे. एक मुलगी मिसरवर, म्हणजे इजिप्तवर बोलणार, एक बाबिलोनवर, आणि मी सिंधूकाठच्या मोहेंजोदडोवर. ते शहर जमिनीतून निघून फार वर्षं झाली नव्हती, बाईंनी मासिकातली चित्रं कापून ठेवली होती.

"तू चांगली बोललीस की मी तुझ्या वडिलांजवळ विषय काढते," बाई म्हणाल्या. "एवढं एकच कर, मध्ये अडखळू नकोस."

आठ दिवस मी पाठ करत होते. आई म्हणायची, "झोपेत कुणाशी भांडतीस गं?"

अमावास्येला पटांगणात सतरंज्या पडल्या. नायना पहिल्या रांगेत, धुतलेला पटका बांधून. शेजारी आई, आणि आईला टेकून माझी धाकटी बहीण. ती तेव्हा नुकतीच पहिलीत बसली होती. खुर्चीवर शाळेचे चिटणीस, कपाळाला आठ्या घालून.

मिसरवाली आधी बोलली. तिथं राजा म्हणजेच देव. पीक त्याचं, माणसं त्याची, आणि तो मेला की जवसाच्या धाग्याच्या कापडात गुंडाळून डोंगराएवढ्या थडग्यात ठेवायचे. नायनांचा चेहरा दगडासारखा. मग बाबिलोनवाली. तिथं देवळाची कोठारं, शेकडो बाया देवळासाठी लोकर विणायच्या आणि त्यांना जव मापून मिळायचे, पोरांना आईपेक्षा कमी. कुणाला किती दिले ते मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलेलं सापडलंय. नायना शेजाऱ्याला म्हणाले, "मिलसारखंच हाय की!" लोक हसले. मला जरा धीर आला.

मी उभी राहिले. सरळ रस्ते, झाकलेली गटारं, घरोघरी न्हाणी, सगळं धडाधडा म्हटलं. राजाचा वाडा अजून कुठं सापडलेला नाही, हेही म्हटलं. मग आलं शेवटचं वाक्य. "तिथं लहानमोठ्या सगळ्या घरांत चातीला लावायच्या चकत्या सापडल्या आहेत. त्यावरून तिथल्या स्त्रिया फावल्या वेळी हौसेने सूत कातीत असत."

"हौसेनं?"

नायना बसल्या जागेवरून बोलले होते. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"एका मागाला सूत पुरवायला चार बायांची बोटं झिजतात. कंबर धरती, डोळं जातात. हौस म्हने! कुनी लिवलं हे?"

चिटणिसांनी बाईंकडे असं पाहिलं की बाई लालबुंद झाल्या. लिहिलं होतं बाईंनीच. झालं आता! बाईंची फजिती, नायनांचा राग, उद्यापासून मी रहाटावर. पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं आणि मला एकट्या नायनांचा नाही, सगळ्यांचाच संताप आला.

"चूक आहे ते," मी ओरडलेच. "लिहिणाऱ्यानं कांडी भरलेली नाही. पण नायना, मिसरच्या राजाचं लिहिलेलं वाचता येतं. बाबिलोनच्या बायांना जव किती मिळाले तेसुद्धा वाचता येतं. सिंधूकाठची अक्षरं कुणालाच वाचता येत नाहीत. तिथल्या बाया हसत कातत होत्या का रडत, कोण सांगणार? म्हणून मग कुणीही उठतं आणि हौस म्हणून लिहितं. मला घरी बसवा. माझ्याबद्दलही कुणीतरी असंच लिहील!"

आणि मी रडायला लागले. भर सभेत, नाक ओढत. बाई उठल्या, माझ्या हातातला कागद घेतला, टेबलावरच्या टाकानं तो शब्द खोडला आणि परत जाऊन बसल्या. नायनांजवळ विषय काढायचं त्यांना त्या दिवशी जमलं नाही.

घरी जाताना नायना झपाझपा पुढं चालले होते. मी मागून चालत होते, आता पाठीत धपाटा बसतोय का मग, एवढंच मनात. जेवायला बसलो. नायनांनी पहिला घास मोडला आणि ताटाकडे बघत म्हणाले, "जा तू शाळेत."

आईनं तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले, मला वाटलं तिलाही आनंद झालाय. त्या रात्री मी हसत झोपले, खोटं कशाला सांगू.

प्रतिपदेला माग सुरू झाले. रहाटाचा आवाज कानावर आला आणि मी जागी झाले. माझी धाकटी बहीण रहाटापाशी बसली होती. एका हातानं चाक फिरेना म्हणून दोन्ही हातांनी फिरवत होती आणि सूत तुटत होतं. नायना मागावरून म्हणाले, "कांड्या कुनीतरी भराया पायजेच की."

तिनं माझ्याकडे बघितलं. "अक्का, तुला उशीर होईल," म्हणाली.

मी दप्तर उचललं आणि गेले. वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती आजही सहीच्या जागी अंगठा उठवते.