डाव्या कानातला फाया

एका प्रामाणिक माणसाचे अर्धे वाक्य मी गुन्ह्याची कबुली म्हणून लिहून घेतले. चूक सर्वस्वी माझी होती, म्हणूनच बीदर जिल्ह्यातली ती घटना अजून मनातून जात नाही.

म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक होऊन थोडाच काळ लोटला होता. मी नवा सब-इन्स्पेक्टर. एका उन्हाळ्यात बाजारातला अत्तराचा दुकानदार ठाण्यात आला. चौकात पेटी मांडून बसणारे म्हातारे चाचा वाळ्याचे नकली अत्तर विकतात, अशी त्याची फिर्याद होती. त्याने अत्तरात भिजवलेले कापसाचे दोन फाये टेबलावर ठेवले, एक स्वतःच्या दुकानातला, एक चाचांकडून विकत घेतलेला.

"हुंगून बघा साहेब. माझा वास दिवसभर हलत न्हाई. त्यांचा दुपारपतूर बदलायलाय."

त्याच्या फायाचा वास कडक होता, चाचांच्या फायाचा मातकट. मला तेवढे पुरले. भर बाजारात पेटी उघडून मी पंचनामा केला आणि चाचांना पेटीसकट ठाण्यात आणून बाकावर बसवले.

"तुमच्या अत्तराचा वास दुपारी बदलतो का?"

"बदलतो साहेब. बदलायलाच पाहिजे, वाळ्याच्या मुळ्यांचं..."

"बदलतो ना? झालं तर." आणि मी लिहिले, आरोपीने कबूल केले.

तेवढ्यात कमठाणा गावचे एक शेतकरी चाचांना शोधत आले. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना लावायचे अत्तर त्यांनी चाचांकडे सांगितले होते.

"यांना कामून बसवलंय?"

"नकली माल," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो. ते आल्या पावली परतले.

चाचांचा चेहरा उतरला. "आता हे गावात सांगतील, साहेब. बापापासून आमचं अत्तर त्यांच्या लग्नांत जातंय. पेटी ठेवून घ्या, नाव तेवढं वापस द्या."

संध्याकाळी जातमुचलका घेऊन मी त्यांना सोडले.

आमचे हवालदार शौकीन गडी. टेबलावरचे दोन्ही फाये त्यांनी कधी उचलले कळले नाही. दुसऱ्या दिवशी ते कपाळ चोळत आले. उजव्या कानात दुकानदाराचा फाया, डाव्यात चाचांचा.

"फुकटचं अत्तर लई महागात पडलं, साहेब. उजवा कान कालपासून एकाच सुरात वरडायलाय, डोकं उठलंय. डावा बघा कसा गार हाय. आपल्या पडद्यासारखा वास यायलाय."

ठाण्याच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता. शिपायाने नुकतेच त्यावर पाणी मारले होते. मी उठून त्या ओल्या मुळ्यांना नाक लावले, मग डाव्या कानातला फाया हुंगला. तोच मातीचा गारवा. मुळ्यांपासून काढलेल्या अत्तराचा वास दिवसभरात बदलत जातो, हेच चाचा सांगत होते. उन्हाळाभर त्या पडद्याशेजारी बसून मी फायली चाळत होतो, आणि अस्सल वास मला ओळखू आला नव्हता.

दुकानदाराला घेऊन मी त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे एसेन्सच्या बाटल्या आणि त्यात मिसळायच्या बिनवासाच्या पांढऱ्या तेलाचे डबे निघाले.

"यात वाळा कुठे आहे?"

तो डब्यावर झाकण ठेवत म्हणाला, "गिऱ्हाइकाला कडक वास लागतोय, साहेब. पण चाचांचं लावून बघितलेले लोक माझ्याच मालाला नकली म्हणायलेत. मग काय करू?"

त्याच्यावर गुन्हा नोंदवला आणि चाचांविरुद्धची कारवाई मागे घेतली. पुढच्या नोकरीत दोन गोष्टी मी पाळल्या. पुरावा तयार घेऊन येणाऱ्या फिर्यादीची झडती आधी घ्यायची, आणि समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यायचे.

पेटी घेऊन मी चाचांच्या घरी गेलो. त्यांनी हात लावला नाही.

"घरात नको साहेब. बाजारात उघडली, बाजारातच द्या."

कमठाण्याला मी स्वतः बाजाराला यायचा निरोप दिला. बाजाराच्या दिवशी, गणवेशात, चौकात पेटी चाचांच्या हाती ठेवली आणि म्हणालो, "यांचा माल अस्सल आहे. चूक माझी झाली."

गर्दीतून कमठाण्याचे शेतकरी पुढे आले. "ऐकू येईना साहेब. त्या दिवशी तर मोठ्यानं बोलला होता."

लोक हसले. चाचा मात्र हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

मी टोपी काढली आणि बाजाराच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "चाचा, मी तुमचं ऐकून घेतलं नाही. मला माफ करा."