पाव फेरा मोकळं हँडल

आष्ट्याहून एकजण मी विकायला काढलेलं धातूकामाचं मिलिंग मशीन बघायला आला. ताडपत्री काढताच जुन्या ऑइलचा वास आला आणि मला कुपवाडचे रफिकचाचा आठवले. घरच्या वर्कशॉपसाठी हे मशीन मी त्यांच्याकडूनच जुनं घेतलं होतं. तेव्हा चाचांनी त्याची खोट तीनदा सांगितली होती. "हँडल पाव फेरा मोकळंच फिरतंय, मग कुठं वरचं टेबल सरकतंय. जमंल न्हवं?"

मी वैतागलो होतो. विकायचं आहे, तर एवढं घाबरवता कशाला? मशीन टेम्पोत चढवताना त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं हँडल पुसलं. पुसतच राहिले.

आज मीही तीच खोट सांगितली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आष्टेकर हसला, "आवं, तुमास्नी इकायचं हाय का न्हाई?"

माझा हात हँडलवरच होता.