डाव्या हाताला बसलेला दादा

वहिनीचं ताट बरोबर अर्धं रिकामं झालं होतं. उजवीकडची भाजी, आमटी संपली. डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहिली.

"आज चटणी नाही केली?" तिनं विचारलं.

महिन्यापूर्वी तिला मेंदूज्वर झाला आणि त्यातच मेंदूच्या उजव्या भागातली एक रक्तवाहिनी बंद पडली. असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले. ताप उतरला, ती पहिल्यासारखी बोलू लागली. डोळेही चांगले होते, पण डावीकडे तिचं लक्षच जाईना. तिच्यापुरतं तिकडचं जग नाहीसंच झालं होतं. मी ताट फिरवून दिलं, तेव्हा ती ओशाळून हसली. मला वाटलं, आपल्याला काय दिसत नाही, हे आपल्याला तरी कुठे कळतं? तिचं काय हरवलंय ते तिला ठाऊक नव्हतं. ते दुःख सगळं आमच्या वाट्याला आलं होतं.

"हे अजून कसे आले नाहीत जेवायला?" ती म्हणाली.

दादा मघापासून तिच्या डाव्या हाताला बसला होता. तो उठला. आपलं ताट उचलून तिच्या उजवीकडे येऊन बसला.

"किती उशीर केलात!"

"हो गं, झाला खरा," दादा म्हणाला आणि त्यानं तिला भात वाढला.