हवालदारबाईंची धरपकड

हवालदारबाईंना ठाण्यातले शिकाऊ पोलीस पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. वय एक्कावन्न, नोकरी तेवीस वर्षांची, आणि तोंड असं की बाई दोन मिनिटं गप्प बसल्या तर लोक पाण्याचा पेला घेऊन धावायचे. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणालाही एकट्याने गस्त घालायला मिळत नसे. चौदा आठवडे त्या शिकाऊ पोलिसाबरोबर रस्ते तुडवायच्या. वायरलेसवर किती बोलावं, दार ठोठावताना दारासमोर न राहता बाजूला का उभं राहावं, सगळं सांगायच्या, आणि सांगून झालं की पुन्हा सांगायच्या. संध्याकाळी एकतीस रकान्यांचा तक्ता भरायच्या. गुण एक ते सात. चारच्या खाली घसरलात की तो धडा पहिल्यापासून.

यंदा त्यांच्या वाट्याला आलेली मुलगी पूर्वी बालवाडीत शिकवायची, म्हणून ठाण्यात तिचं नावच ‘बालवाडी’ पडलं. पहिल्याच आठवड्यात हमरीतुमरीवर आलेल्या दोन ट्रकवाल्यांना ती म्हणाली, “आधी कोण बोलणार? हात वर करा बघू.” दोघांनीही हात वर केले. हवालदारबाईंनी तिला जागच्या जागी झापलं आणि घरी जाऊन नवऱ्यासमोर पोट धरधरून हसल्या.

शेवटच्या परीक्षेच्या सकाळी त्यांनी तिला बजावलं, “आज मी नाहीच असं समज. साध्या कपड्यांत वीस पावलं मागे असेन. माझ्याकडे बघायचं नाही, मला विचारायचं नाही. मी तोंड उघडलं की परीक्षा रद्द, आणि चार आठवडे पुन्हा.”

“आणि समोरासमोर आलोच तर?”

“तर मी परकी. रस्त्यावरची कुणीही.”

आता साधे कपडे म्हणजे काय, हा प्रश्न तेवीस वर्षं गणवेशात काढलेल्या बाईला पडणारच. त्यांनी नणंदेचा फुलाफुलांचा झगा चढवला, नवऱ्याची रुंद काठाची टोपी घातली आणि डोळ्यांवर जांभळा गॉगल लावला. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, रंगांची त्याला जाण होती. तो म्हणाला, “अगं, तू तर विमानातूनही दिसशील.” “तुला काय कळतंय,” म्हणून बाई निघाल्या. ओळखपत्र खुंटीवरच्या गणवेशाच्या खिशात राहिलं.

पहिले दोन तास मजेत गेले. विजेच्या खांबाआड उभं राहायचं, वहीत गुण टिपायचे, पुढच्या खांबाकडे पळायचं. बालवाडीने वायरलेसवर पाल्हाळ लावलं तेव्हा बाईंच्या जिभेवर शब्द आलाच होता, पण त्यांनी तोंडात रुमाल कोंबला. आपण अदृश्य आहोत या कल्पनेने त्यांना इतकं हलकं हलकं वाटत होतं की एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत त्या चक्क उड्या मारत गेल्या.

किल्ल्या बनवणाऱ्या दुकानदाराने हे सगळं पाहिलं. त्याने बालवाडीला थांबवलं. “मॅडम, मागे बघू नका. जांभळी गॉगलवाली सकाळपासून तुमच्या पाळतीवर आहे. लिहून घेते, लपते, आणि मध्येच तोंडात रुमाल घालते!”

बघता बघता घोळका जमला. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं वेडी. एकाने बाईंच्या दंडाला हात घातला.

“हात कुणी लावायचा नाही!” बालवाडीचा आवाज असा काही कडाडला की घोळका चार पावलं मागे सरकला. मग ती बाईंसमोर आली. “नमस्कार. तुमच्याबद्दल तक्रार आलीय. ओळखपत्र आहे का जवळ?”

बाईंनी झग्याला खिसे शोधले. खिसे नव्हतेच. बोलावं तर परीक्षा रद्द, आणि पोरीची चौदा आठवड्यांची मेहनत पाण्यात. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

“बोलायचं नसेल तर नका बोलू, तो तुमचा हक्क आहे,” बालवाडी म्हणाली. “पण ओळख पटेपर्यंत माझ्याबरोबर ठाण्यात यावं लागेल. तुमची वही मी उघडणार नाही.”

बाईंनी आजवर शेकडो लोकांना असं चालवत नेलं होतं. पण सगळ्या रस्त्याच्या नजरा अंगावर घेऊन चालायची ही त्यांची पहिलीच वेळ. तेवढ्यात बालवाडी त्यांच्या आणि घोळक्याच्या मधून चालू लागली आणि हळूच म्हणाली, “फुटपाथ फुटलाय इथे, सांभाळून.” बाईंना हसू आलं. ते दाबायला गेल्या तर उचकी लागली.

ठाण्यात टेबलामागच्या जमादाराने मान वर केली, झगा पाहिला, टोपी पाहिली, आणि खुर्चीवरून घसरला. बालवाडी मात्र ताठ. तिने रीतसर नोंद केली, “नाव सांगत नाहीत, वागणूक शांत, उचकी लागली आहे,” आणि जमादाराने पुढे सरकवलेला बाईंच्या घरचा नंबर फिरवला.

“आपल्या पत्नी पोलीस ठाण्यात आहेत.”

“हो,” नवरा म्हणाला, “तेवीस वर्षं झाली.”

अर्ध्या तासाने तो ओळखपत्र घेऊन आला. बालवाडीने फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला, गॉगल काढायची विनंती केली, मग म्हणाली, “ओळख पटली. तुम्ही जाऊ शकता. तसदीबद्दल क्षमस्व.”

भिंतीवरच्या घड्याळात पाळी संपल्याचे ठोके पडले आणि बाईंचा बांध फुटला. त्या बाकावर आडव्या होऊन हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं कारटे! मला धरून आणलंस? मला?”

“तुम्हीच म्हणालात ना, परकी समज,” बालवाडी म्हणाली, आणि आता कुठे खुर्चीत टेकली.

बाईंनी तक्ता ओढला. वायरलेसला तीनच दिले, पाल्हाळ ते पाल्हाळ. एका रकान्यातल्या कमतरतेसाठी चार आठवडे नकोत, दोन दिवसांचा सराव पुरे, असा शेरा मारला. पण ‘संशयिताशी वागणूक’ या रकान्यात त्यांनी सात लिहिले. खाली एक ओळ जोडली: “स्वतः अनुभव घेतला.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातल्या वायरलेसवर खरखर झाली. “गस्त सुरू. एकटी आहे. सगळं ठीक.” मोजून सहा शब्द. हवालदारबाईंनी जमादाराचे दोन्ही हात धरले आणि त्याला टेबलाभोवती गर्रकन फुगडी घालायला लावली.