माथ्यावरचा धावडा

येडशी स्टेशनावर मी उतरले तेव्हा पिशवीत भाकरी-चटणी, गुडघ्याचा पट्टा आणि झाडांचे नमुने घ्यायची छोटी करवत होती. विज्ञानाच्या बाई निवृत्त झाल्या तरी करवत काही निवृत्त होत नाही!

सदाहरित जंगलात जसजसं वर चढावं तसतशी झाडं बुटकी होत जातात, ही आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली. सह्याद्रीत ती डोळ्यांनी पाहिलीही. पायथ्याशी आभाळाला भिडलेली झाडं, माथ्यावर वाऱ्यानं वाकलेली, शेवाळानं मढलेली. पण बालाघाटाच्या या कोरड्या, ठेंगण्या डोंगरात तसलं काय दिसणार, असं मला वाटत होतं. माझी जुनी विद्यार्थिनी शारदा इथं सून म्हणून आली आहे. तिच्या सासूबाई, कोंडामावशी, रोज शेळ्या घेऊन डोंगर चढतात. ‘बाई, एकदा याच,’ हा शारदाचा आग्रह, म्हणून आले.

ओढ्याच्या काठाला धावड्याची झाडं मान मोडेपर्यंत उंच होती. मावशींनी आकडीनं (लांब काठीला बांधलेला विळा) पाला पाडला आणि शेळ्यांनी त्याचा फन्ना उडवला. अर्ध्या चढावर एक मोठा धोंडा आला. मावशींनी आकडी आणि कुऱ्हाड त्याच्याखाली सरकवली.

‘हे इथंच का ठेवलं?’ मी विचारलं.

‘हितनं वर लोखंड न्हेत न्हाईत, बाई. आमच्या घरात कुणीच न्हेत न्हाई.’

देवाधर्माचं काही असेल म्हणून मी मान डोलावली. पिशवीतली करवत ध्यानातही आली नाही.

माथ्यावर पोचले आणि उभीच राहिले. तोच धावडा, तीच पानं, आणि झाड माझ्या कमरेला! बोटभर माती, खाली नुसता खडक, वर दिवसभराचा वारा. माझी आकृती या कोरड्या डोंगरानंही गिरवली होती. मी हरखून गेले. तेवढ्यात गुडघेदुखीनं डोकं वर काढलं. मावशी शेळ्यांमागे पुढं गेल्या होत्या. समोर छातीएवढं, अंगठ्याच्या जाडीचं एक रोप होतं. खाली असली शेकड्यांनी उभी आहेत, असं म्हणत मी करवत चालवली. लाकूड चिवट निघालं, पण काठी झकास झाली.

मावशी परतल्या. त्यांनी काठीकडं पाहिलं, मग बुडख्याकडं, आणि खालीच बसल्या.

‘म्या नवी नवरी आले तवा सासूनं वर आणून ह्ये झाड दावलं. म्हनली, ह्ये तुजं, शेळ्यांपासनं राख. तवा माज्या कमरंला व्हतं. छातीला यायला सारा जलम गेला, बाई.’

मावशींचे केस पार पिकलेले, आणि ज्याला मी रोप समजले ते त्यांच्या लग्नाच्याही कितीतरी आधीचं!

‘यंदा शारदीला द्यायचं व्हतं.’ त्या बुडख्याभोवती दगड रचू लागल्या. ‘फुटंल. लई चिवट हाय. छातीला आलेलं मला न्हाई दिसायचं, एवढंच.’

मी माफी मागितली. काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही. उतरताना करवत त्या धोंड्याखाली ठेवून दिली.

घरी शारदानं चहा दिला. ‘बाई, काठी छान मिळाली की. कुठली?’

‘खालची हाय,’ मावशी पटकन म्हणाल्या.

मी कप बाजूला सारला. ‘नाही गं शारदा. वरची आहे. तुला मिळणार होतं ते झाड मी कापलं.’

शारदानं बशी खाली ठेवून काठी हातात घेतली. ती म्हणाली, ‘पण बाई, वरची झाडं बुटकी का राहतात, ते तुम्हीच तर शिकवलं होतं.’

परतीच्या गाडीत गुडघा ठणकत होता. काठी शारदाच्या दारात ठेवून आले होते. फळ्यावर माथ्याची झाडं मी दरवर्षी लहान काढली, मुलांकडूनही तशीच काढून घेतली. त्यातलं एखादं माझ्याहून म्हातारं असेल, हे एकदाही मनात आलं नाही.